चित्रांच्या बोर्डावर नसलेलं चित्र

बोलता न येणाऱ्या मुलांसाठी आम्ही विशेष शिक्षक चित्रांचा बोर्ड तयार करतो. जाड पुठ्ठा, त्यावर रांगेनं चिकटवलेली चित्रं आणि वरून रुंद चिकटपट्टी, म्हणजे लाळ सांडली तरी पुसता येते. पाण्याचा पेला, जेवणाचं ताट, संडास, पंखा, आई, बाबा, झोप, पोटात दुखतंय, डोकं दुखतंय, घरी जायचंय. मूल बोट ठेवतं. बोट वळत नसेल तर मूठ टेकवतं. तेही जमत नसेल तर नजर रोखतं, आणि आपण ओळखायचं. आमच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेला अकरा वर्षांचा एक मुलगा होता. तो ‘डोकं दुखतंय’वर मूठ टेकवायचा. वहीत नोंदी आहेत: जुलैपासून, आणि बहुतेक सोमवारच्या. आम्ही घरी चिठ्ठी पाठवली, डोळे तपासून घ्या. आईनं तपासून आणले. डोळे चांगले होते. दिवाळीनंतर उवा झाल्या म्हणून घरच्यांनी त्याचे केस अगदी बारीक कापून पाठवले, तेव्हा टाळूवर तीन खोका दिसल्या. दोन भरून आलेल्या, एक अजून ओली.

चार महिने तो मुलगा आम्हाला सांगत होता. त्याच्यापाशी जे चित्र होतं त्यानंच सांगत होता. ‘मला मारतात’ हे चित्र बोर्डावर नव्हतं, कारण बोर्ड करणाऱ्या आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. पंखासुद्धा सुचला होता.

दिव्यांग मुलांवर आणि किशोरवयीन मुलामुलींवर घरात, घरच्याच माणसांकडून होणारी हिंसा हा या संग्रहाचा विषय आहे. प्रस्तावनेसाठी संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाही म्हणाले. या विषयावर लिहायला बसलं की ज्या आयांबरोबर आपण वीस-पंचवीस वर्षं काढली, त्यांचे चेहरे समोर येतात आणि हात आखडतो. पण हात आखडतो म्हणूनच मराठीत या विषयावर इतकं कमी लिहिलं गेलं आहे, हेही कळत होतं. म्हणून हे लिहिते आहे.

हिंसा म्हटलं की डोळ्यांसमोर उगारलेला हात येतो. तो आहेच. पण दिव्यांग मुलाच्या घरात हिंसेची जी रूपं दिसतात त्यातली बरीचशी बाहेरच्या माणसाला हिंसा म्हणून ओळखूच येत नाहीत, कारण ती काळजीच्या कामातच मिसळलेली असतात. एक उदाहरण देते. आमच्याकडे दुपारच्या बसनं घरी जाणारी एक मुलगी शाळा सुटायच्या आधी पेल्यामागून पेला पाणी प्यायची, ठसका लागेपर्यंत. आम्हाला वाटलं सवय. घरी गेल्यावर कळलं की दुपारी चारनंतर तिला पाणी मिळत नाही. रात्री अंथरूण ओलं होतं, कपडे बदलायला आजी एकटी, आणि तिची कंबर गेलेली. तेव्हा चारनंतर पाणी बंद. मुलगी जीभ बाहेर काढून हंड्याकडे बघत बसायची. घरात कुणी आवाज चढवला नव्हता, कुणी बोटही लावलं नव्हतं. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016’ मात्र या गोष्टीला स्पष्ट शब्दांत गुन्हा म्हणतो. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्यानं जाणूनबुजून तिला अन्न किंवा पाणी नाकारलं तर कलम 92 खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या समोर अशी एखादी मुलगी असणार, असं मला ते कलम वाचताना नेहमी वाटतं.

पाण्यासारखंच बाकीचं. तोंड उघडत नाही म्हणून नाक दाबून घास कोंबणं. व्यायामाच्या नावाखाली आखडलेला पाय रडारड होईपर्यंत ताणणं. फिटच्या औषधाचा डोस स्वतःच्या मनानं वाढवून मूल गुंगीत ठेवणं. पाहुणे आले की मागच्या खोलीत कडी लावणं. चष्मा, श्रवणयंत्र, कुबडी शिक्षा म्हणून काढून घेणं. काठी काढून घेतलेल्या अंध मुलाचं घर एका जागेपुरतं उरतं. अशी शिक्षा धडधाकट मुलाला देताच येत नाही. ‘हे झालं नसतं तर आमचं बरं झालं असतं’ हे वाक्य मुलाच्या देखत, रोज, त्याला काय कळतंय असं समजून बोलणं. आणि या सगळ्याच्या पलीकडे लैंगिक अत्याचार. त्यात आंघोळ घालणारा, कपडे बदलणारा, उचलून नेणारा हातच गुन्हेगाराचा असू शकतो, आणि कुठला स्पर्श गरजेचा व कुठला नाही हे मुलाला कुणी कधी शिकवलेलंच नसतं.

आपल्या भाषेनं या सगळ्याला सौम्य नावं देऊन ठेवली आहेत. वळण लावणं, धाक दाखवणं, जरा दटावणं, ताळ्यावर आणणं. मुलाच्या बाजूनं पाहायचं तर भोग, मागल्या जन्मीचं देणं. मूल म्हणजे देणं असेल तर ते फेडणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. ‘चौकट राजा’ या 1991 सालच्या चित्रपटानं मतिमंद मुलाच्या त्यागी आईचं रूप मराठी घराघरांत पोचवलं. ते खरंही आहे, अशा आया मी रोज पाहते. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’सारख्या आत्मकथनानं अपंग व्यक्तीचा स्वतःचा आवाज मराठीत आणला. पण त्यागी आईच्या चित्राची एक किंमत आपण मोजली. त्या चित्रात मार खाणाऱ्या मुलाला जागा उरली नाही, आणि थकून हात उगारणाऱ्या, नंतर रात्रभर रडणाऱ्या आईलाही उरली नाही. दोघंही बोलायची थांबली.

या विषयाचा अभ्यास कसा उभा राहिला हे नव्या वाचकाला माहीत असायला हवं, कारण आज आपल्या तालुक्याच्या ठिकाणी एखादा डॉक्टर किंवा समुपदेशक जे बोलतो ते या ना त्या जुन्या विचारपंथातूनच आलेलं असतं.

सुरुवात क्ष-किरणांच्या खोलीत झाली. 1946 साली जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरनं सहा तान्ह्या बाळांची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूभोवती रक्तस्राव आणि हातापायांची लांब हाडं मोडलेली, पण अपघाताचा इतिहास नाही. हे कुणी केलं असेल, हे स्पष्ट म्हणायला आणखी सोळा वर्षं लागली. 1962 मध्ये हेन्री केम्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला. त्यांनी 71 रुग्णालयांकडून माहिती गोळा केली होती. 302 मुलं, त्यातली 33 दगावलेली आणि 85 जणांच्या मेंदूला कायमची इजा. हा शेवटचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. हिंसा दिव्यांग मुलावर होते एवढंच आपण धरून चालतो, पण हिंसेनंच दिव्यांग झालेली मुलंही असतात. तान्ह्या बाळाला रागानं गदागदा हलवलं तर दृष्टी जाऊ शकते, फिट सुरू होऊ शकतात, हातपाय आखडू शकतात. आपल्या वर्गात बसलेल्या मुलाच्या केसपेपरवर ‘लहानपणी पडला होता’ असं लिहिलेलं असतं, आणि तो कसा पडला हे आपण विचारत नाही.

पुढच्या टप्प्याला मी ताणाचा पंथ म्हणेन. सत्तरच्या दशकात अमेरिकेत अशी मांडणी जोरात होती की काही मुलं मुळातच सांभाळायला अवघड असतात, त्यांच्यामुळे पालकांवर ताण येतो आणि ताणातून मार बसतो. ऐकायला हे पटतं. ज्यानं रात्री चार वेळा उठून फिट येणाऱ्या मुलाला कुशीवर वळवलं आहे त्याला तर फारच पटतं. या मांडणीनं एक चांगलं काम केलं. पालकांना राक्षस ठरवण्याऐवजी त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहायला शिकवलं. पण तिच्या पोटात एक विषारी बी होतं: म्हणजे मार बसण्याचं कारण अखेर मूलच. 1994 साली डिक सॉब्सी यांनी या विषयावरचं आपलं मोठं पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांनी याच गृहीतकावर बोट ठेवलं. तितकाच ताण असलेली कितीतरी घरं मारत नाहीत, हे त्याचं साधं उत्तर आहे. मग फरक कशानं पडतो? सत्ता कुणाकडे आहे, मुलाचं ऐकणारं घराबाहेर कुणी आहे का, घर किती एकटं पडलं आहे, आणि या मुलाला मारलं तर चालतं असं आजूबाजूचा समाज किती सहज मानतो, यानं.

इथून वाट दोन दिशांनी गेली. एक परिसराचा विचार करणाऱ्यांची. युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांच्या 1979 च्या मांडणीवरून मुलाभोवतीची वर्तुळं पाहणारे: घर, शेजार, शाळा, कामाची जागा, सरकार, रूढी. दुसरी अपंगत्वाच्या चळवळीची. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी 1976 पासून आणि पुढे माइक ऑलिव्हर यांनी जो विचार मांडला, की माणसाला अपंग करते ती समाजाची रचना, त्याचं शरीर नव्हे, त्या विचारानं हिंसेचा प्रश्नही उलटा करून ठेवला. मूल असहाय का आहे, असं विचारणं सुटलं. त्याला असहाय कुणी केलं, हे विचारलं जाऊ लागलं. भारतात अनिता घई यांनी यात बाईपण जोडलं. दिव्यांग मुलगी घरात वाढते तेव्हा तिच्याकडे मुलगी म्हणून जे दुय्यमपण येतं आणि अपंग म्हणून जे येतं, ती दोन्ही वेगळी करता येत नाहीत. आणि मला सर्वांत जवळची वाटते ती एव्हा किटे ही तत्त्वज्ञ, जी स्वतः गंभीर अपंगत्व असलेल्या मुलीची आई आहे. सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार, हा तिचा प्रश्न. तो प्रश्न ताणाच्या पंथासारखा मुलाला दोषी धरत नाही आणि आईला एकटंही सोडत नाही.

हे सगळे विचारपंथ पुस्तकी वाटत असतील तर एक घर बघू. घर म्हणजे उसाच्या फडावरची कोपी. बीडकडून कारखान्यावर आलेलं जोडपं, मुकादमाची उचल घेतलेली, पहाटे चारला कोयता हातात. बरोबर दहा वर्षांचा मतिमंद मुलगा. गावात म्हातारं कुणी राहिलं नाही म्हणून आणलेला. तो पळत सुटतो, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, शेजारी विहीर. आई त्याच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधते आणि दुसरं टोक बाजेच्या पायाला. दुपारी येऊन भाकरी भरवते, परत बांधते. पट्टीखालची कातडी सोलवटलेली. शेजारच्या कोपीत दीड वर्षाचं बाळही असंच बांधलेलं आहे, कुणाला काही वाटत नाही. पण ते बाळ पुढच्या हंगामात सुटेल. हा मुलगा चार हंगाम बांधलेला आहे.

ताण बघणारा म्हणेल, बाई काय करणार. खरं आहे. हक्क बघणारा म्हणेल, मुलाला बांधून ठेवणं ही क्रूरता आहे. तेही खरं आहे. मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळदंडात ठेवू नये असं 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, मग मतिमंद मुलाच्या चिंधीला वेगळा न्याय का? परिसर बघणारा उचलीकडे, मुकादमाकडे, कारखान्याकडे आणि हंगामभर बंद राहणाऱ्या गावच्या घराकडे बोट दाखवेल. माझं म्हणणं असं की पट्टी सोडवायची तर या सगळ्यांना एकाच कोपीत उभं राहावं लागेल, पण पहिल्यांदा मुलाच्या कमरेवरची जखम बघावी लागेल. आपण आईची कहाणी ऐकतो आणि डोळे पुसतो. जखमेला औषध राहूनच जातं. हा क्रम उलटा करावा, असं या संग्रहाचं एकूण म्हणणं मी समजते.

आकड्यांकडे वळते, पण त्यांच्यावर फार विसंबू नये अशी विनंती. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात पॅट्रिशिया सलिव्हन आणि जॉन नटसन यांनी 50 हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या नोंदी तपासल्या. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिव्यांग मुलांपैकी 31 टक्के मुलांना, आणि इतर मुलांपैकी 9 टक्के मुलांना हिंसा किंवा दुर्लक्ष सोसावं लागल्याचं दिसलं. 2012 मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका एकत्रित अभ्यासानं हा धोका साधारण 3.7 पट सांगितला. पण त्यातले सगळे अभ्यास श्रीमंत देशांतले होते. 2022 मध्ये 98 अभ्यास एकत्र करून असं निघालं की जवळपास तीनातल्या एका दिव्यांग मुलानं कुठली ना कुठली हिंसा अनुभवली आहे, आणि धोका इतर मुलांच्या दुपटीहून जास्त. हे आकडे घर, शाळा, शेजार सगळं मिळून आहेत.

आणि आपल्याकडे? महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तीनातल्या दोन मुलांना मार बसतो आणि घरात बसणारा मार मुख्यतः आईवडलांचाच असतो, हे त्यानं देशाला ठणकावून सांगितलं. त्यासाठी मुलांचे पाच गट केले होते: घरी असणारी पण शाळेत न जाणारी, शाळेत जाणारी, संस्थेत राहणारी, काम करणारी आणि रस्त्यावरची. दिव्यांग मुलांचा गट नव्हता. मुलाखत घ्यायची तर मूल बोलायला हवं. बोर्डावर चित्र नसण्याचीच ही मोठी आवृत्ती. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. तेव्हा कायद्यात सातच प्रकार होते. 2016 च्या कायद्यानं ते 21 केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. म्हणजे अभ्यासात मागे पडतो म्हणून पट्टीनं मार खाणारा, चारचौघांसारखा दिसणारा मुलगाही आता या विषयाच्या आत आहे.

कर्णबधिर मुलांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. यातली बहुतेक मुलं ऐकू येणाऱ्या आईवडलांच्या पोटी जन्मतात. घरात कुणालाच खुणांची भाषा येत नाही, आणि कित्येक घरांत ती शिकायला बंदी असते, कारण खुणा केल्या तर बोलायला शिकणार नाही असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मी हातावर फटके खाल्लेली मुलं पाहिली आहेत, बोलताना हात हलले म्हणून. 1880 च्या मिलानच्या परिषदेनं शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार केली, तिचे वळ अजून आपल्या घरांत उमटतात. भाषा हिरावून घेणं ही हिंसा आहे का, यावर या संग्रहातल्या लेखकांचंही एकमत नाही. माझं मत आहे की आहे. ज्या मुलीला ‘काकांनी काय केलं’ हे आईला सांगण्यापुरतीही सामायिक भाषा घरात मिळाली नाही, तिच्याबाबतीत पहिला गुन्हा काकांच्या आधी घडलेला असतो.

किशोरवय आलं की हिंसेचं रूप बदलतं. सात वर्षांच्या मुलाला उचलून नेता येतं, पंधरा वर्षांच्या मुलाला नाही. तेव्हा ढकलणं, कोंडणं, औषधाची गुंगी वाढते. मुलगा चारचौघांत नको तिथे हात नेतो म्हणून चटके दिलेले मी पाहिले आहेत. खासगी जागा आणि चारचौघांतली जागा यांतला फरक त्याला चित्रांनी दोन महिन्यांत शिकवता येतो, हे घरी माहीत नव्हतं. मुलींच्या बाबतीत पाळी सुरू होण्याच्या आधीच कुजबुज सुरू होते: पिशवी काढून टाकू. 1994 साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुली-बायकांवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि महाराष्ट्रभर मोठा वाद पेटला. स्त्री संघटनांनी आणि अपंग चळवळीनं विरोध केला. दुसऱ्या बाजूनं स्वच्छतेचा आणि मुलींच्याच भल्याचा दाखला दिला गेला. वाद संस्थेपुरता गाजला आणि विझला. घराघरांतून तोच निर्णय खासगी दवाखान्यात शांतपणे होत राहिला. आया मला खालच्या आवाजात विचारतात, ताई, काढली तर निदान दिवस तरी राहणार नाहीत ना? त्या वाक्यात अत्याचार होणार हे धरून चाललेलं आहे. तो थांबवायचा विचार नाही, त्याची खूण पुसायचा आहे. ज्याच्या भीतीनं हे चाललंय तो माणूस पुष्कळदा घरात येणंजाणं असलेलाच असतो.

भूतबाधा काढण्याच्या नावानं होणारी मारहाण हा वेगळा, आपल्या मातीतला भाग. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्यासाठी बांधणं, मारणं, चटके देणं हा गुन्हा आहेच. शिवाय मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचं भासवून तिचा धंदा करणं हाही आहे. एखाद्या घरात मूल बाधलेलं ठरतं, एखाद्या घरात ते देवमाणूस ठरतं. मूल म्हणून वाढायचं दोन्हीकडे राहून जातं.

कायदे तसे कमी नाहीत. भारतानं 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता आणि 2007 मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांची संहिता स्वीकारली. दुसरीच्या सोळाव्या कलमात हिंसेपासून संरक्षण घराच्या आत आणि बाहेर असं स्पष्ट लिहिलेलं आहे. 2012 चा पोक्सो कायदा दिव्यांग मुलावरचा लैंगिक अत्याचार अधिक गंभीर मानतो, नातेवाइकानं केलेलाही अधिक गंभीर मानतो, आणि जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा दुभाष्याची मदत घ्यायला सांगतो. 2016 च्या कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे कुणीही, अगदी शेजारीही, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला म्हणजे आपल्याकडे तहसीलदाराला किंवा प्रांताला कळवू शकतो. हे शिक्षकांना माहीत नाही, आणि माझा अनुभव असा की पुष्कळदा तहसील कार्यालयातही माहीत नसतं. त्याच वेळी नव्या भारतीय न्याय संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू झाली, जुन्या दंडसंहितेतलं एक कलम तसंच आलं आहे: बारा वर्षांखालचं मूल किंवा मनोविकल व्यक्ती, यांच्या भल्यासाठी पालकानं सद्भावनेनं केलेली गोष्ट, काही मर्यादांत, गुन्हा नव्हे. शाळेतल्या छडीला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी केली. घरातल्या छडीला ‘सद्भावना’ हा आडोसा शिल्लक आहे. आणि बौद्धिक अपंगत्व ‘मनोविकल’ या शब्दात बसवलं गेलं की धडधाकट मुलाचा तो आडोसा बाराव्या वर्षी संपतो, आमच्या मुलांचा कधीच संपत नाही.

न्यायालयात पोचलं तरी काय होतं हे 2017 साली महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात दिसलं. मूकबधिर आणि मतिमंद मुलीवरचा बलात्कार. तिची साक्ष झाली नाही म्हणून उच्च न्यायालयात आरोपी सुटला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं उभारायला सांगितली.

तरीही तक्रार का होत नाही? मला विचाराल तर एका प्रश्नामुळे: तक्रार केली तर मूल जाणार कुठे? बालकल्याण समितीपुढे मूल उभं राहिलं की त्याच्या गरजांप्रमाणे सांभाळणारं दुसरं घर क्वचित सापडतं. संस्थेत ठेवायचं तर संस्थेतल्या कहाण्याही आपण ऐकलेल्या असतात. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं, अठरा वर्षांनंतरही बाहेर काढलं नाही. त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, आणि तरी एका माणसाच्या आयुष्यभराच्या तपावर राज्याची व्यवस्था उभी राहू शकत नाही. म्हणून शिक्षक गप्प बसतात. आम्ही बसलो होतो. त्या खोका दिसल्यावर आम्ही पहिल्यांदा केली ती बैठक ‘तक्रार करायची की घरच्यांशी बोलायचं’ यावर दोन तास चालली. त्या दोन तासांत मुलाला कुणी काही विचारलं नाही.

हे सगळं आताच का, असं कुणी म्हणेल. 2020 च्या टाळेबंदीत विशेष शाळा आणि थेरपी बंद झाल्या आणि कित्येक मुलं महिनोन् महिने त्याच चार भिंतींत, त्याच माणसांबरोबर राहिली. नोंदवहीतला सोमवारच संपला. पूर्वी न जगणारी कमी वजनाची बाळं आता जगतात, त्यातल्या काहींना अपंगत्व येतं, आणि घरं लहान होत चालली आहेत. मूल जरा वेळ घ्यायला आत्या, मावशी, आजी घरात नाही. 3 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, ही चांगली गोष्ट आहे. त्या विभागाच्या कामात प्रमाणपत्र आणि पेन्शन यांच्या बरोबरीनं घरातल्या सुरक्षिततेचा प्रश्न यायचा असेल तर त्याची भाषा आधी तयार असायला हवी. ती तयार करण्याचा हा प्रयत्न.

संग्रहात विशेष शिक्षक आहेत, वकील आहेत, अंगणवाडी ताई आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत. पालक आहेत, त्यातल्या दोघांनी आपण स्वतः मारल्याचं लिहिलं आहे. ते लिहायला त्यांना काय लागलं असेल याची मला कल्पना आहे. आणि आता मोठी झालेली दिव्यांग माणसं आहेत, जी आपल्या बालपणीच्या घराबद्दल पहिल्यांदा लिहीत आहेत. कुणी ‘अपंग’ म्हणतं, कुणी ‘दिव्यांग’, कुणाला दुसरा शब्द मुळीच खपत नाही. संपादकांनी ज्याचा त्याचा शब्द ठेवला, हे योग्य केलं. मुलांची, गावांची नावं बदलली आहेत. काही लेखांत आठवण आणि पुरावा यांची सरमिसळ आहे, ती मला खटकली नाही. ज्यांचं आजवर कुणी ऐकलं नाही त्यांना पहिल्याच बोलण्यात पुरावा मागू नये. उणीव सांगायची तर आदिवासी भागातल्या मुलांबद्दल फार थोडं आहे, आणि भावंडांबद्दल जवळपास नाही. दिव्यांग भावाला सांभाळता सांभाळता मारायला शिकलेली दहा वर्षांची बहीण हा एक स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. पालकांनी हे पुस्तक एका बैठकीत वाचू नये. आपल्याच घरातलं काही सापडलं तर पुस्तक मिटावं, पण मुलाच्या शिक्षकांशी, डॉक्टरांशी किंवा मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकावर एकदा बोलावं.

त्या मुलाचं पुढे काय झालं हे लिहायला हवं. मारणारा घरातलाच होता, रविवारी घरी असायचा. आई जाणत होती आणि तिलाही मार बसत होता. खूप उशिरा, खूप ओढाताणीनंतर दोघं मामाकडे राहायला गेली. आम्ही बोर्ड नव्यानं केले. उगारलेल्या हाताचं एक चित्र, अंगावर नको तिथे हात लावल्याचं एक, आणि ‘कुणी’ विचारल्यावर दाखवायला घरातल्या, शाळेतल्या, बसमधल्या सगळ्या माणसांचे फोटो. माझाही.

नवा बोर्ड हातात आल्यावर आठवड्याभरात त्यानं उगारलेल्या हातावर मूठ टेकवली. मी विचारलं, कुणी? त्याची मूठ मामावरून गेली, आईवरून गेली, बसच्या काकांवरून गेली आणि माझ्या फोटोवर थांबली. आदल्या दिवशी बस सुटेल म्हणून घाईघाईत दप्तराच्या पट्ट्यात अडकलेला त्याचा हात मी जोरानं हिसडला होता, आणि विसरून गेले होते. मनगटाजवळ लाल झालं होतं. मी त्याच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, चुकलं माझं, लागलं तुला. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग मूठ उचलली आणि पाण्याच्या पेल्यावर ठेवली.